दारूचा थेंब न घेता समुद्राखाली नशा का चढते? हे शोधायला हा शास्त्रज्ञ स्वतःच लोखंडी टाकीत जाऊन बसला

तारकर्लीला स्कूबा करून आलेल्यांचे रील्स तुमच्या फीडमध्ये येत असतीलच. तिथं हौशी पर्यटकांना थोड्याच मीटर खोलीवर नेतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण हाच माणूस साध्या हवेचा सिलिंडर घेऊन 30 मीटरच्या खाली गेला की डोकं जड व्हायला लागतं. कुणाला उगाच हसू येतं, कुणाला भीती वाटते, कुणी सिलिंडरचा काटा बघतो पण आकडा डोक्यात शिरत नाही. याला म्हणतात नायट्रोजन नार्कोसिस. यातली खरी भीती अशी की ज्याला चढलीय त्याला आपण एकदम ठीक आहोत असंच वाटत असतं.

ही नशा नेमकी किती चढते, हे स्वतःवर मोजून बघणारा माणूस म्हणजे जे. बी. एस. हाल्डेन. जेनेटिक्स शिकलेल्यांना नाव माहीत असेल. पण डायव्हिंगवाले त्यांना वेगळ्याच कारणासाठी मानतात.

हाल्डेन यांचा जन्म 5 नोव्हेंबर 1892 चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वासोच्छ्वासाचे मोठे अभ्यासक. खाणीत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी न्यायची पद्धत त्यांच्यामुळेच आली. पक्ष्यांसोबत पोरगंही खाणीत जायचं. एकदा मिथेन साचलेल्या जागी वडिलांनी त्याला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं मार्क अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोराला दम लागला आणि ते खाली कोसळलं. मिथेन हलका, तो वर साचतो, त्यामुळे जमिनीलगत श्वास घेता येतो हे त्याला कायमचं कळलं. आजच्या आईबापांनी असले प्रयोग करू नयेत, पण हाल्डेनांच्या घरात शिक्षण असंच चालायचं.

वडील ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांसाठी सुरक्षित वर येण्याचं वेळापत्रक तयार करत होते. 1906 मध्ये, 13 व्या वर्षी, धाकटे हाल्डेनही स्कॉटलंडच्या समुद्रात उतरले. सूट मोठ्या माणसाचा, ढगळ. आत पाणी शिरलं, तरी गडी खाली गेला.

पुढं पहिलं महायुद्ध झालं. मेसोपोटेमियात जखमी झाल्यावर बरं व्हायला त्यांना भारतात पाठवलं, तीच या देशाशी पहिली ओळख. नंतर प्राध्यापकी, लोकसंख्येच्या जेनेटिक्सचं गणित, कम्युनिस्ट पक्ष. हे सगळं एका लेखात मावणारं नाही.

विषय पुन्हा पाण्याखाली आला तो 1939 मध्ये. 23 मे ला अमेरिकेची स्क्वॉलस ही पाणबुडी 74 मीटर खोल बुडाली. 33 जण वाचले. पुढं बोट वर काढताना साध्या हवेवर उतरलेल्या डायव्हर्सची डोकी चालेनात, म्हणून त्यांना हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण दिलं आणि ते भानावर राहिले. अमेरिकन नौदलाच्या डॉक्टरांनी 1935 मध्येच नशेचं खापर नायट्रोजनवर फोडलं होतं.

त्यानंतर नऊच दिवसांनी, 1 जूनला, ब्रिटनची नवी कोरी थेटिस पाणबुडी लिव्हरपूलजवळ चाचणीतच बुडाली. बोटीवर 103 जण होते, त्यात बरेच गोदीतले कामगार. वाचले फक्त चार.

कामगार संघटनांनी हाल्डेनना गाठलं. आतली माणसं कशी गेली, हे त्यांना कळायला हवं होतं. हाल्डेन चार सोबती घेऊन सीब गॉर्मन कंपनीच्या पोलादी टाकीत बंद झाले आणि साडेचौदा तास आत राहिले. स्वतःच्याच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला, दम लागला, डोकं ठणकायला लागलं. थेटिसमध्ये काय झालं असेल याचा अंदाज आला.

मग नौदलानंच त्यांना कामाला लावलं. टाकीतला दाब नेहमीच्या 10 पट करायचा, म्हणजे 90 मीटर खोलीइतका. आत बसून गुणाकार करायचे, चिमट्यानं छोट्या पोलादी गोळ्या उचलायच्या. बाहेर सहज जमणारं काम आत गेल्यावर चुकायला लागलं. गंमत म्हणजे नोंदी ठेवणाराही त्याच टाकीत असल्यानं त्यालाही चढलेली असायची! सोबत कार्बन डायऑक्साइड वाढला की अवस्था आणखी वाईट. म्हणून खोलवर धापा टाकत काम करू नये, हे आजही शिकवलं जातं.

मग नायट्रोजन काढून नुसता ऑक्सिजन घ्यावा की! तोही घेऊन बघितला. जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजननं फिट येते. हाल्डेनना आली, त्यात मणक्याला इजा झाली. पुढं त्यांच्या पत्नी झालेल्या हेलन स्पर्वे यांनाही आली. टाकीत बसणाऱ्यांत स्पेनचे माजी पंतप्रधान हुआन नेग्रिनही होते, तेही मूळचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक. दुसऱ्याला पाठवण्याआधी स्वतः आत जायचं, हा हाल्डेन यांचा नियम होता. कानाचा पडदा फाटला, तर सिगारेटचा धूर कानातून काढून ते लोकांना दाखवायचे.

हेलियमवर डोकं ठिकाणावर राहिलं, पण तोही फुकट सोडत नाही. वर येताना त्याचा बुडबुडा पाठीच्या कण्यात अडकला आणि पुढची कित्येक वर्षं त्यांना नीट बसणंही अवघड झालं.

आजचा गॅसचा हिशेब याच तिढ्यावर उभा आहे. नायट्रॉक्स म्हणजे खोल जायचा गॅस, हा मोठा गैरसमज. त्यात ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे फिट येण्याची हद्द उलट वर सरकते. 32 टक्क्यांच्या नायट्रॉक्सवर साधारण 33 मीटरच्या खाली जात नाहीत, शुद्ध ऑक्सिजन तर 6 मीटरच्या खाली नाहीच. हौशी डायव्हर्सची मर्यादा 40 मीटर. त्याहून खूप खाली जाणारे ट्रायमिक्स घेतात, म्हणजे ऑक्सिजन, नायट्रोजन आणि महागडा हेलियम. आणि नशा चढल्यासारखं वाटलं तर उपाय साधा आहे. सोबत्याला खूण करायची आणि सावकाश काही मीटर वर यायचं. काही मिनिटांत उतरते.

1957 मध्ये हाल्डेन दांपत्य भारतात आलं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काम, अंगात कुर्ता, पुढं भारताचं नागरिकत्व. नंतर भुवनेश्वरला प्रयोगशाळा उभारली. तिथंच 1 डिसेंबर 1964 रोजी कॅन्सरनं ते गेले. ठरवून ठेवल्याप्रमाणे त्यांचा देह आंध्रातल्या काकिनाड्याच्या रंगराया मेडिकल कॉलेजला पोचवण्यात आला, विद्यार्थ्यांना शिकायला.