खेळास भ्यालेलें सरकार

लहान मुलांच्या खेळाविषयीं आपल्या समाजांत एक चमत्कारिक समजूत रूढ आहे. मूल शाळेंत खेळलें म्हणजे त्याचा वेळ फुकट गेला, आणि ज्या वर्गांतून हसण्याचा आवाज येतो त्या वर्गाच्या गुरुजींस शिस्त राखतां येत नाहीं, असें चांगले शिकलेसवरलेले पालकही मानतात. ह्या समजुतीस युक्तिवादानें उत्तर देण्यापेक्षां एका मनुष्याचें चरित्र वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अधिक सोयीचें वाटतें.

फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म ता. २१ एप्रिल १७८२ रोजीं जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत, ओबरवाइसबाख या गांवीं झाला. बाप धर्मोपदेशक व आपल्या कामांत सदा गढलेला. आई तर मूल नऊ महिन्यांचें असतांनाच वारली. सावत्र आईच्या घरीं मुलाचे दिवस उपेक्षेंत गेले. ज्यास स्वतःस बालपण लाभलें नाहीं, त्यानेंच पुढें इतरांच्या बालपणाची वकिली करावी, हा निव्वळ योगायोग खचित नव्हे. जंगलखात्यांतील उमेदवारी, येना येथील अर्धवट विद्याभ्यास, असे त्याचे अनेक उद्योग झाले. सन १८०५ सालीं तो फ्रांकफुर्ट येथें शिल्पशास्त्र शिकण्यास गेला आणि शिक्षक होऊन बसला. पुढें १८०८ पासून दोन वर्षें त्यानें स्वित्झर्लंडांत पेस्तालोझी या थोर शिक्षकाच्या सान्निध्यांत काढलीं. सन १८१३ सालीं नेपोलियनविरुद्ध जर्मनी उठली तेव्हां हा गृहस्थ स्वयंसैनिक म्हणून लढण्यास गेला, आणि तेथेंच त्यास जन्माचे सहकारी भेटले. १८१७ पासून कायलहाऊ येथें त्यानें त्यांच्यासह शाळा चालविली.

परंतु मूल शाळेंत येतें तेव्हां फार उशीर झालेला असतो, हें त्याच्या हळूहळू ध्यानांत आलें. म्हणून वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, ज्या वयांत आपल्याकडे लोक निवृत्तीचे वेध घेतात त्या वयांत, त्यानें ब्लांकेनबुर्ग येथें अगदीं लहान मुलांसाठीं खेळाचें साहित्य घडविण्यास आरंभ केला. त्या साहित्यास तो देणग्या म्हणे. पहिली देणगी म्हणजे लोंकरीचे सहा मऊ चेंडू, प्रत्येकाचा रंग निराळा. चेंडू दोरीस बांधून झुलवावा, मुठींत लपवावा, पुन्हां दाखवावा. एवढ्यानें मुलास रंग, गति, जवळ आणि दूर यांची ओळख होते. दुसऱ्या देणगींत लांकडाचा गोल व घन. पुढें दंडगोलाची भर पडली. घन दोरीस टांगून गरगर फिरविला कीं त्यांत दंडगोल दिसूं लागतो, आणि मुलें चकित होऊन पाहत राहतात. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. त्याच्या खुर्च्या होतात, जिने होतात, भिंती होतात; आणि आठांचे अर्धे चार व पाव दोन हें पाढा न घोकतां हातासच कळतें.

बैठ्या खेळांबरोबर मंडलाचे खेळही होते. कांहीं मुलें हात धरून कबुतरांचें घर होत. इतर मुलें कबुतरें होऊन बाहेर उडून जात व पुन्हां परत येत. येथें कोणी हरत नाहीं. परंतु आपला हात सुटला तर सर्वांचें घर मोडतें, हें मात्र प्रत्येकास कळतें. कागदाच्या घड्या, पट्ट्यांची वीण, मातीकाम हींही होतीं. बागेंत प्रत्येक मुलास स्वतःचा एक वाफा असे आणि शिवाय एक वाफा सर्वांचा असे. स्वत्व व समाज या दोहोंचा धडा याहून सोपा करून कोणी दिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. सन १८४० सालीं त्यानें या संस्थेस किंडरगार्टन, म्हणजे बालकांची बाग, हें नांव दिलें. आणि तिच्या माळिणी म्हणून तरुण स्त्रियांस पद्धतशीर शिक्षण देऊन एक सन्मानाचा व्यवसाय त्यांस मोकळा केला.

आतां सरकारची कथा. १८४८ च्या क्रांतीनें राज्यकर्ते धास्तावलेले होते. ता. ७ ऑगस्ट १८५१ रोजीं प्रशियाच्या सरकारनें नास्तिकपणा व समाजसत्तावाद यांच्या आरोपावरून बालोद्यानांवर बंदी घातली. आरोपास आधार काय, तर फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याचीं मतें! काकाचें व पुतण्याचें नांव यांत गफलत झाली. म्हाताऱ्यानें चूक दाखवून दिली, परंतु हुकूम फिरला नाहीं. कायद्याच्या दृष्टीनें पाहतां, प्रतिवादीच चुकलेला, पुरावा परक्याचा, आणि बचावाची सुनावणी नाहीं, असा हा निवाडा होता. ता. २१ जून १८५२ रोजीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं. तोंपर्यंत त्याच्या शिष्या ही पद्धति परदेशीं घेऊन गेल्या होत्या. श्वाइना येथें त्याच्या समाधीवर घन, दंडगोल व गोल एकावर एक रचलेले आहेत.

त्याच्या पद्धतींतही दोष शिरले. कांहीं अनुयायांनीं देणग्यांची कवाईत केली, आणि हुकुमानें खेळावयाचा खेळ हा खेळ राहत नाहीं. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम आरंभिलें तेव्हां महागड्या साहित्याच्या जागीं शिंपले, खडे, पानें व बिया वापरून हा प्रश्न देशी रीतीनें सोडविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचें शिक्षण खेळांतून व्हावें असें मान्य केलें. कागदावर खेळाचा जय झाला आहे. वर्गांत मात्र मूल अद्यापि हाताची घडी घालून बसलेलें दिसतें.

प्रशियाचें सरकार खेळास भ्यालें. निदान खेळांत सामर्थ्य आहे एवढें तरी त्यानें कबूल केलें. आपण त्यास भीतही नाहीं आणि मानही देत नाहीं. बंदी नऊ वर्षांत उठली. आपल्या मनांतील ही अवहेलना किती वर्षांत उठणार, याचें उत्तर पालकांनीं व शाळाचालकांनीं द्यावयाचें आहे.