गरोदर कामगार बाईची रजा आणि बाबासाहेब

बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, महाडचं तळं आठवतं. पण नोकरीवाल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळते, त्यामागेही त्यांची मेहनत आहे. हे गावात फार जणांना माहीत नाही.

14 एप्रिल 1891 ला महू इथं जन्म. बालपण दापोली, साताऱ्यात गेलं. आई भीमाबाई लहानपणीच वारल्या. पुढे अमेरिकेत, लंडनला शिकले, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीतच. भोवती गिरणी कामगारांची वस्ती. रमाईंच्या पाच लेकरांपैकी एकटे यशवंत जगले.

1927 पासून ते मुंबईच्या कायदेमंडळात होते. गिरणीतल्या बायांना बाळंतपणात मदत देण्याचं विधेयक तिथं आलं. मालकांवर बोजा पडेल अशी ओरड झाली. 28 जुलै 1928 ला बाबासाहेबांनी सरळ हिशेबच मांडला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळाली तर त्यात देशाचं हित आहे, म्हणून मोठा भार सरकारनं उचलावा. पण बाईला कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, तर थोडं त्यानंही सोसावं. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला.

1942 ला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात त्यांच्याकडं मजूर खातं आलं. खाणीतल्या बायांसाठी 1941 चा कायदा होता, बाळंतपणाआधी चार आठवडे आणि नंतर चार. त्यातल्या शब्दांचा घोळ त्यांनी 1943 मध्ये दुरुस्त करून घेतला. त्याच डिसेंबरात धनबादकडं जाऊन स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. 1945 मध्ये खाणमालकांना पाळणाघर बंधनकारक केलं. मला याचं मोल जास्त वाटतं. रजा संपल्यावर तान्हं ठेवायचं कुठं, हे आपल्या पुरुषांच्या डोक्यात सहसा येत नाही.

6 डिसेंबर 1956 ला ते गेले. देशभराचा कायदा 1961 मध्ये आला, 12 आठवड्यांचा. 2017 ला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवडे झाले.

पण हे सगळं हजेरीपटावर नाव असणाऱ्यांसाठी. आपल्याकडं ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. गेल्या हंगामात माझ्याच फडात सातवा महिना लागलेली एक बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत होती. ताई, जरा बसा म्हटलं. तर खाडा पडंल म्हणाली, आणि दुसरी मोळी बांधायला खाली वाकली.