वालाचं कुलूप

आमच्या घरात गेले दोन महिने एका वाटीवरून शीतयुद्ध चालू आहे. वाटी नातवाची. वय दीड वर्ष, हातपाय काटकुळे, डोळे मात्र टपोरे. वाटीत मुगाच्या डाळीची मऊ खिचडी आणि तिच्यावर शेंगदाण्याच्या तेलाची धार. तूप नाही, कारण मुलगा आणि सून यांनी दूधदुभतंही सोडलेलं आहे. शाकाहारी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या आहोतच. हे दोघं एक पायरी पुढे गेले. नातू दोन घास खातो, तिसऱ्याला ओठ घट्ट मिटतो आणि मान फिरवतो. मग माझी पत्नी सुनेकडे बघते, सून वाटीकडे बघते आणि मी वर्तमानपत्रात तोंड घालतो. पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर माणूस एवढं तरी शिकतोच.

प्रश्न मात्र खरा आहे. दुधाचा थेंब न घेता, डाळ-भात-भाकरीवर असं किडकिडीत पोर वाढतं का? या प्रश्नाच्या दोन्ही टोकांवर, म्हणजे डाळीवर आणि दुधावर, एका मराठी बाईने आयुष्य घातलं. डॉ. कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. आपल्याकडे ही ओळख नेहमी अशी उलटी करून द्यावी लागते. दुर्गाबाईंनी खाद्यपदार्थांवर ‘खमंग’ लिहिलं ते घराघरांत पोचलं. कमलाबाईंनी त्याच पदार्थांच्या पोटात काय दडलंय ते शोधलं, ते नियतकालिकांच्या बांधीव खंडांत राहिलं.

जन्म १८ जून १९११चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. आज ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स म्हणून ओळखली जाते. मुलीने वडिलांच्याच वाटेने जायचं ठरवणं साहजिक होतं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पूर्ण केली आणि बंगलोरला अर्ज धाडला. तो परत आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. तीन वर्षांपूर्वीच नोबेल मिळालेलं, विज्ञानातल्या भारतीय कर्तृत्वाचा जणू पुतळाच. त्यांनी कळवलं की संस्थेत मुली घेत नाहीत.

बावीस वर्षांची ही मुलगी तडक बंगलोरला गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. काळ गांधीजींचा. तिने सत्याग्रहाची भाषा केली आणि नकाराचं कारण मागितलं. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नुसतं परीक्षेचं; काम संचालकांच्या पसंतीला उतरलं तरच ते धरलं जाणार; आणि तिच्यामुळे मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. तिसरी अट वाचली की मला आमच्या बँकेत नव्याने लागलेल्या मुलींना मिळणाऱ्या सूचना आठवतात. ते साल १९८५ होतं, एवढंच सांगतो. कमलाबाईंनी अटी पाळल्या, वर्षभराने रामन यांचं समाधान झालं आणि पुढे संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. पण हा अपमान त्या म्हातारपणापर्यंत विसरल्या नाहीत. विसराव्यात तरी का?

तिथे गुरू भेटले श्रीनिवासय्या. कडक पण न्यायी. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी विषय घेतला तो दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा. इथे जरा थांबायला हवं. त्या पिढीच्या हुशार विद्यार्थ्यांना अणू-रेणूंची, प्रकाशाची ओढ होती. ही मुलगी उडीद-मूग-हरभऱ्याच्या डब्यात डोकावत होती. ज्या देशात बहुसंख्य पोरांच्या पानात मांस-अंडी क्वचितच येतात, तिथे प्रथिनांचा हिशेब डाळीपाशी येऊनच थांबतो, हे तिने पहिल्या संशोधनातच हेरलं होतं. १९३६ साली एम.एस्सी. झाली.

१९३७ साली केंब्रिज. तिथे जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने आपलं टेबल तिला दिवसा वापरायला दिलं. रात्री त्याच टेबलावर तो झोपत असे, असं सांगतात. विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स. यांचा १९१२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग प्रत्येक आजीला सांगावा असा आहे. त्यांनी उंदरांच्या पिल्लांना शुद्ध केलेलं प्रथिन, पिष्ट, चरबी आणि क्षार दिले. पोटभर दिले. पिल्लांची वाढ खुंटली. दुसऱ्या गटाला तेच अन्न आणि वर रोज जेमतेम अर्धा चमचा दूध दिलं. ती भराभर वाढली. अठराव्या दिवशी त्यांनी दूध एका गटाचं काढून दुसऱ्याला दिलं आणि वाढीचे आलेख उलटे झाले. एवढ्याशा दुधात ताकद नव्हती, त्यात काहीतरी अतिसूक्ष्म पण अटळ असं होतं. त्यालाच पुढे जग जीवनसत्त्व म्हणू लागलं आणि हॉपकिन्सना १९२९चं नोबेल मिळालं. माझ्या पत्नीला हा प्रयोग सांगितला तेव्हा तिचा चेहरा विजयी झाला. मी घाईने पुढचं सांगितलं, की त्यातून दूधच हवं असं निघत नाही. दुधातलं जे हवं ते कुठून तरी आलं पाहिजे, एवढंच निघतं.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागल्या. बटाट्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम-सी सापडलं. पेशी श्वास घेते, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढते, त्या साखळीतला हा एक दुवा. प्राण्यांत तो ठाऊक होता. वनस्पतीही त्याच साखळीने जगते हे त्यांनी दाखवलं. चौदा महिन्यांत काम पुरं झालं आणि प्रबंध भरला अवघा चाळीस पानांचा. हल्ली प्रबंध वजनावर जोखतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. १९३९ साली पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री अशी त्यांची ओळख देतात. ते खरं, पण जानकी अम्मल यांना मिशिगनची डी.एस्सी. १९३१ सालीच मिळाली होती, हेही लक्षात असावं.

परदेशी राहायच्या संधी होत्या. त्या १९३९ सालीच परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. भारतीय धान्य-भाज्यांत काय किती आहे याचे तक्ते जिथून निघाले, ती ही जागा. १९४७ साली माधवराव सोहोनींशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. ते विमागणिती होते. आकडेमोडीच्या धंद्यातला माणूस म्हणून मला ते जवळचे वाटतात. मुंबईत त्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये नव्या जीवरसायनशास्त्र विभागात प्राध्यापक झाल्या, आणि बंगलोरला सोडलेला धागा पुन्हा उचलला. कडधान्यांचा.

आता वालाकडे येतो. वाल म्हणजे रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे आणि मग शिजवायचे. बिरड्याचा हा खटाटोप आमच्या आईने का केला असं विचारलं असतं, तर चव हे उत्तर मिळालं असतं. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्याचं दुसरं उत्तर शोधलं. आपल्या आतड्यांत ट्रिप्सिन नावाचं एक पाचक द्रव्य असतं. प्रथिनांच्या लांब माळा कापणारी ती कात्री. कच्च्या कडधान्यात असा एक पदार्थ असतो, की जो या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतो. प्रथिन डाळीत भरपूर, पण कात्रीच चालेना तर अंगी काय लागणार? तिजोरी भरलेली आणि कुलूप आतून लावलेलं. १९५४-५५च्या सुमारास त्यांनी आपल्याकडच्या भाज्या आणि कडधान्यं घेऊन हा अडसर कशाकशात आहे ते तपासलं. १९५५ साली तर वाल आणि डबल बी यांतला तो पदार्थ स्फटिकांच्या रूपात वेगळा काढला, आणि ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. केंब्रिजच्या बटाट्याचं मला कौतुक आहेच, पण माझ्या लेखी हे काम त्याहून मोठं. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यातून निघालेलं.

या कुलपाची किल्ली साधी आहे: उष्णता. नीट शिजवलं की बहुतेक अडसर मोडतो. भिजवल्याने आणि मोड आल्याने तो काहीसा उतरतो. शिवाय धान्य-डाळींतलं लोह अडवून धरणारं आणखी एक द्रव्य मोड आल्यावर कमी होतं. म्हणजे बोटचेपी होईस्तोवर शिजलेली डाळ, मोडाच्या मुगाचं कढण, नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळलेलं सत्त्व, हे लहान मुलांचे पदार्थ नुसते परंपरेचे नाहीत. नाचणीची तर आणखी गंमत आहे. साध्या पिठाची पेज आटोपशीर ठेवायची तर पाणी फार घालावं लागतं. मोडाच्या पिठाची पेज तेवढ्याच पाण्यात पातळ राहते, म्हणून त्याच वाटीत पीठ जास्त बसतं. दीड वर्षाच्या मुलाचं पोट केवढं? पाणचट पेजेने ते भरतं आणि पोर उपाशी राहतं. भाताला डाळीची जोड का, तर भातात जे प्रथिनघटक कमी ते डाळीत जास्त, आणि डाळीत कमी ते भातात.

हे सगळं मला १९९१ साली माहीत असतं तर बरं झालं असतं. तेव्हा माझी बदली मराठवाड्यातल्या एका शाखेत होती. आज वीगन झालेला आमचा मुलगा दोन वर्षांचा होता आणि घासाला शिवत नव्हता. मी संध्याकाळी घरी आलो की पहिला प्रश्न, आज काय खाल्लं? उत्तर ठरलेलं, काही नाही, दूध प्यायला. मग आणखी दूध. दिवसाला पाच बाटल्या. पोर बारीक, पांढरंफटक, किरकिरं. मी पत्नीला बोललो. तिला मूल सांभाळता येत नाही असं, आईसमोर. एका डॉक्टरांनी पोराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, दूध किती देता? दुधात लोह नाममात्र, जे आहे ते शोषलं जात नाही आणि बाटलीने पोट भरल्यावर पोर जेवणार कधी? बाटल्या पाचाच्या दोन झाल्या, लोहाचं औषध सुरू झालं, डाळीवर लिंबू पिळलं जाऊ लागलं. महिन्याभरात तो ताटातलं ओढायला लागला. पत्नीची माफी मी मागितली नाही. त्या काळी मागत नसत, असं मी स्वतःला सांगतो.

कमलाबाईंनी दुधाकडेही पाठ फिरवली नव्हती. आरे दूध योजनेला त्यांनी दुधाचा दर्जा राखण्याबद्दल, ते नासू नये म्हणून, मार्गदर्शन केलं. पण दूध ज्यांच्या घरी पोचतच नव्हतं त्यांचं काय? राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी सुचवल्यावरून त्यांनी ताडामाडाची नीरा अभ्यासाला घेतली. पहाटेची, आंबायच्या आतली नीरा. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह आहे आणि तिच्या गुळातही त्यातलं बरंच टिकतं, हे त्यांनी दाखवलं. आदिवासी भागातल्या कुपोषित किशोरांना आणि गरोदर बायांना ती दिल्यावर प्रकृती सुधारल्याचंही त्यांना दिसलं. या कामासाठी राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. संस्थेचं संचालकपद मात्र बराच काळ हुलकावणी देत राहिलं. अखेर मिळालं तेव्हा निवृत्ती फार लांब नव्हती. बढतीच्या याद्या कशा फिरतात हे मी जवळून पाहिलेलं आहे, त्यामुळे अधिक लिहीत नाही.

१९६६ साली मुंबईत नऊ बायकांनी मिळून ग्राहकांची संघटना उभारली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. त्या नवांत कमलाबाई होत्या. पुढे तिच्या अध्यक्षही झाल्या आणि तिच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत राहिल्या. डाळीतलं प्रथिन मोजणाऱ्या बाईला वाण्याकडच्या डाळीत काय मिसळलंय याचीही काळजी होती.

१९९८च्या जूनमध्ये दिल्लीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. परिषदेच्या प्रमुखपदी तेव्हा प्रथमच एक स्त्री होती, डॉ. सत्यवती. त्यांनी ही कहाणी ऐकली आणि बोलावून घेतलं. समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या.

राहिला आमचा घरचा वाद. वनस्पती सगळं देतात असं मी सुनेला सांगू शकत नाही, कारण ते खरं नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व डाळ-भाजीत नसतं. ते शुद्ध रूपात हाती आलं १९४८ साली, आणि आपल्या शाकाहारी घरांना ते आजवर दुधा-दह्यातूनच मिळत आलं. दूध सोडलेल्या घरातल्या मुलाला ते बाहेरून द्यावंच लागतं, त्यात मताचा प्रश्न नाही. मी हे भीत भीत काढलं, तर सुनेने फ्रिजच्या दारातली थेंबांची बाटली दाखवली. डॉक्टरांनी लिहून दिलेली. सहाव्या महिन्यापासून चालू आहे. आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

पत्नी काही बोलली नाही. रात्री मात्र तिने वाल निवडायला घेतले आणि सुनेला सोलायला बसवलं. सहा वाल कुस्करून भातात गेले. नातवाने चार घास खाल्ले, पाचव्याला मान फिरवली. दोघींपैकी कुणीही आग्रह केला नाही.