अदृश्य किरणांना वळण लावणारे जगदीशचंद्र

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये १९५८ साली एक टपाल-तिकीट छापले गेले. त्यावर डॉ. जगदीशचंद्र बसू यांचे चित्र होते. त्या वर्षी या थोर शास्त्रज्ञाच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होत होती.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमध्ये झाला. इंग्लंडमधील शिक्षण संपवून ते १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या काळी हिंदी प्राध्यापकांना गोऱ्या प्राध्यापकांहून कमी वेतन मिळे. हा अन्याय जगदीशचंद्रांनी मान्य केला नाही. घरावर कर्जाचा भार असूनही त्यांनी तीन वर्षे वेतनाला हात लावला नाही. अध्यापनात मात्र तिळमात्र कसूर केली नाही. अखेर सरकारने नमते घेतले आणि मागील सर्व वेतन त्यांना पूर्ण दराने दिले.

हर्ट्‌झ या जर्मन शास्त्रज्ञाने डोळ्यांना न दिसणाऱ्या विद्युत्-लहरी शोधून काढल्या होत्या. त्या हातभर किंवा त्याहूनही लांब असत. जगदीशचंद्रांनी १८९४ साली या विषयास हात घातला. सुसज्ज प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराच्या साहाय्याने, त्यांनी उपकरणे घडविली आणि अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या.

परंतु लहरी निर्माण करून भागत नाही. त्यांना हवे तेव्हा अडविता व सोडता आले पाहिजे. त्यासाठी जगदीशचंद्रांनी रेल्वेचे एक जाडजूड वेळापत्रक घेतले आणि त्याच्या पानापानांत कथलाचा पातळ वर्ख घातला. लहरींचे कंपन पानांना समांतर असले, की वीजवाहक वर्ख त्यांना अडवी. पुस्तक काटकोनात फिरविताच त्या पार जात. पुढे बंगालच्या शेतांत पिकणाऱ्या तागाला पीळ देऊन त्यांनी लहरींच्या कंपनाची दिशाही फिरविली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान देऊन त्यांनी आपले प्रयोग तेथील विद्वानांपुढे मांडले.

आज शास्त्रज्ञ याहूनही आखूड अशा टेराहर्ट्‌झ लहरी लेसर यंत्रांतून निर्माण करतात. त्या एका सेकंदात सुमारे एक लाख कोटी वेळा कंप पावतात. त्यांच्या मार्गात ग्राफीन ठेवतात. ग्राफीन म्हणजे एका अणूइतक्याच जाडीचा कार्बनचा पापुद्रा. तो २००४ साली मँचेस्टर येथे प्रथम वेगळा करण्यात आला. विजेचा दाब बदलला, की त्याची वीज वाहून नेण्याची शक्ती कमीजास्त होते आणि त्याबरोबर पार जाणारा किरण प्रखर वा मंद होतो. काहीही फिरवावे लागत नाही. वीजवाहक पदार्थ लहरींना अडवितो, हे तत्त्व मात्र त्या वेळापत्रकातीलच आहे.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी जगदीशचंद्रांचे निधन झाले. साधने तोकडी होती, म्हणून त्यांनी काम थांबविले नाही. हाताशी असलेल्या पुस्तकाला आणि तागालाच त्यांनी साधन बनविले.