डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांचें चरित्र

वाचकहो, जेवावयास बसण्यापूर्वीं हात धुण्याची चाल आपल्या घरोघरीं आहे. परंतु बाळंतिणीस हात लावण्यापूर्वीं वैद्यानेंहि ते स्वच्छ धुतले पाहिजेत, ही साधी गोष्ट पावणेदोनशें वर्षांपूर्वीं युरोपांतील मोठमोठ्या पंडितांस मान्य नव्हती. ती ज्यांनीं सप्रमाण दाखवून दिली, त्या डॉक्टर सेमेलवाइस यांची ही हकीकत आहे.

इ. स. १८१८ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस हंगेरी देशांतील बुडा शहरीं त्यांचा जन्म झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी होते. कायदा शिकण्यासाठीं ते व्हिएन्ना येथें गेले. परंतु लवकरच तो अभ्यास सोडून वैद्यकाकडे वळले आणि १८४४ सालीं डॉक्टर झाले. १८४६ सालीं तेथील मोठ्या रुग्णालयाच्या प्रसूतिगृहांत त्यांस साहाय्यकाची जागा मिळाली.

त्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी शिकत. १८४६ सालीं पहिल्या विभागांत ४०१० बाळंतिणींपैकीं ४५९ मेल्या. दुसऱ्यांत ३७५४ पैकीं १०५ मेल्या. बहुतेकींस सूतिकाज्वरानें गांठलें होतें. ही गोष्ट शहरांत सर्वांस ठाऊक होती. पहिल्या विभागांत नेऊं नका, म्हणून गरीब स्त्रिया गुडघे टेकून विनवीत. कित्येकजणी वाटेंतच बाळंत होत. आणि नवल हें कीं, त्यांस हा ज्वर क्वचितच येई.

हें पाहून सेमेलवाइस यांच्या जिवाला चैन पडेना. हवा वाईट म्हणावी, तर दोन्ही विभागांची हवा एकच. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्यांतच अधिक. मरणोन्मुख स्त्रीकडे जाणाऱ्या धर्मगुरूपुढें घंटा वाजे. तिच्या भीतीनें ज्वर येत असेल, या शंकेनें त्यांनीं घंटा बंद करवून पाहिली. कांहीं फरक पडला नाहीं.

१८४७ च्या मार्च महिन्यांत त्यांचे मित्र प्राध्यापक कोलेच्का यांस, शवाची चिकित्सा चालू असतां, एका विद्यार्थ्याच्या हातची सुरी बोटास लागली, आणि ते तापानें मरण पावले. त्यांच्या देहावरील लक्षणें बाळंतिणींच्या लक्षणांसारखींच होतीं. तेव्हां सेमेलवाइस यांच्या डोळ्यांपुढें लख्ख उजेड पडला. डॉक्टर व विद्यार्थी सकाळीं शवें फाडून तेच हात घेऊन बाळंतिणींकडे येत. सुइणी शवांस शिवत नसत. म्हणजे मृत्यु बाहेरून येत नव्हता; तो वैद्यांच्याच हातांनीं येत होता, आणि त्यांत आपलेहि हात आहेत, हें त्यांनीं जाणलें. हें सत्य त्यांनीं लपविलें नाहीं.

मे महिन्यांत त्यांनीं नियम घातला कीं, क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुतल्यावांचून कोणीहि बाळंतिणीस हात लावूं नये. आपल्याकडे विहिरींत टाकतात त्या ब्लीचिंग पावडरीच्या जातीचाच हा पदार्थ होय. एप्रिलांत शेंकडा १८ स्त्रिया मेल्या होत्या. जूनमध्यें शेंकडा २ च्या सुमारास, आणि जुलैमध्यें २५० पैकीं केवळ ३ मेल्या.

इतकें होऊनहि वरिष्ठांस तें रुचलें नाहीं. आपल्याच हातांनीं माणसें मेलीं, हें कबूल करणें मानी मनास जड जातें. १८४९ सालीं त्यांची नोकरी संपली, ती वाढवून मिळाली नाहीं. पुढल्या वर्षीं ते स्वदेशीं परतले. पेस्ट शहराच्या रुग्णालयांत त्यांनीं १८५१ पासून सहा वर्षें काम पाहिलें. तेथें ९३३ प्रसूतींत सूतिकाज्वरानें ८ च स्त्रिया दगावल्या. मात्र त्यांच्याकडूनहि चूक झाली. आपलें मत सविस्तर लिहून काढण्यास त्यांनीं फार विलंब केला. ग्रंथ १८६१ सालीं निघाला. नंतर विरोधकांस त्यांनीं इतकीं कठोर पत्रें लिहिलीं कीं, वैर मात्र वाढलें.

अखेर त्यांचें मन बिघडलें. १८६५ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्यांस व्हिएन्ना येथील वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. तेथें जखम चिघळून रक्तांत विष भिनलें, आणि ऑगस्टच्या १३ तारखेस ते मरण पावले. वय अवघें ४७. ज्या तऱ्हेच्या रोगाशीं ते जन्मभर झगडले, त्यानेंच त्यांचा अंत झाला. पुढें १८७९ सालीं लुई पाश्चर यांनीं सूतिकाज्वराचे जंतु दाखविले, आणि सेमेलवाइस यांचें म्हणणें खरें ठरलें.

वाचकहो, या चरित्रापासून घ्यावयाचा धडा खर्चाचा नाहीं. शौचाहून आल्यावर, स्वयंपाकापूर्वीं, मुलास भरविण्यापूर्वीं व रोग्याची सेवा करण्याआधीं आणि नंतर, साबण लावून बोटांच्या बेचक्यांसह हात चोळून धुवावे. नखें कापलेलीं असावीं. बाळंतपण दवाखान्यांतच करावें. अडचणीनें घरीं झालेंच, तर सुइणीचे हात, अंथरूण व नाळ कापण्याचें नवें पातें, हीं तिन्ही स्वच्छ आहेत कीं नाहींत, हें घरच्यांनीं पाहावें. बाळंतिणीस ताप आला, पोटांत दुखूं लागलें किंवा अंगावरून दुर्गंधी जाऊं लागली, तर अंगारे-काढे करीत न बसतां त्याच दिवशीं तिला डॉक्टरांकडे न्यावें. आणि हात धुतलेत का, असें कोणी विचारल्यास राग मानूं नये. त्या एका प्रश्नाचा राग मानल्यामुळें हजारों लेंकरें आईवांचून वाढलीं.