पस्तीस दिवसांचे राष्ट्रपती

मधल्या सुट्टीतली बोरं आणि किल्ल्यावरच्या उनाडक्या यांवर बाकीचे लिहितीलच, म्हणून मी न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांच्याविषयी लिहितेय. सामान्यज्ञानात आपण एक ओळ पाठ केली होती: सरन्यायाधीश, उपराष्ट्रपती आणि कार्यवाहू राष्ट्रपती ही तिन्ही पदं भूषवलेले एकमेव गृहस्थ. त्या ओळीत आपला वऱ्हाडही दडलेला आहे.

जन्म १९०५ चा, लखनौचा. वडील मध्य प्रांतात सरकारी अधिकारी आणि उर्दूतले कवी. शाळा रायपूरला, मग नागपूरचं मॉरिस कॉलेज, पुढे केंब्रिज. १९३० मध्ये बॅरिस्टर होऊन नागपुरात वकिली सुरू केली. ३७ व्या वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता, १९४६ मध्ये न्यायाधीश, १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. बाळापूरच्या एखाद्या धुऱ्याचा वाद अकोल्याहून वर चढला की याच न्यायालयात जायचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत वऱ्हाड मुंबई राज्यात गेला आणि हिदायतुल्ला मध्य प्रदेशचे मुख्य न्यायाधीश होऊन जबलपूरला. आपल्या वाट्याला खंडपीठ आलं.

फाळणीत त्यांचे भाऊ इक्रामुल्ला पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले परराष्ट्र सचिव झाले. हे इथेच राहिले. १९४८ मध्ये, ती जखम ओली असताना, त्यांनी पुष्पा शाह यांच्याशी लग्न केलं. आपल्या गावातल्या दोन्ही मोहल्ल्यांत वाढलेल्यांना या वाक्याचं वजन सांगायला नको.

१९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६५ च्या सज्जनसिंग खटल्यात संसदेला मूलभूत हक्क बदलता येतात का, अशी शंका दोनच न्यायमूर्तींनी घेतली: हिदायतुल्ला आणि अमरावतीचे मुधोळकर. दोघेही नागपूर उच्च न्यायालयातून आलेले! त्या शंकेचं पुढे काय झालं ते १९७३ च्या केशवानंद भारती निकालात दिसतं. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. लॉरेन्सच्या कादंबरीची प्रत विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा त्यांनी १९६४ मध्ये कायम केली, ती मला आजही खटकते.

खरी गोष्ट १९६९ ची. मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन गेले, उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहू झाले. मग गिरींनाच निवडणूक लढवायची होती. ते बाजूला झाले तर खुर्चीत कोण? घटनेने अशा प्रसंगाची सोय संसदेवर सोपवलेली, आणि संसदेने १९ वर्षं ती केलेलीच नव्हती. आमच्या धंद्यात असा कोड रोज भेटतो: अपवादाच्या जागी नुसतं ‘पुढे बघू’. घाईने कायदा झाला, तिसरा क्रमांक सरन्यायाधीशांचा लागला. २० जुलैला, माणूस चंद्रावर उतरत असताना, हिदायतुल्लांनी कार्यभार घेतला. महिनाअखेर निक्सन आले, त्यांचं स्वागतही यांनीच केलं.

पण पेच कागदावरच्या सहीचा होता. चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचं विधेयक ऑगस्टमध्ये यांच्यापुढे आलं आणि यांनी संमती दिली. २४ ऑगस्टला गिरी निवडून येऊन शपथ घेते झाले, हिदायतुल्ला परत न्यायालयात. तोवर त्या कायद्याला आव्हान दिलं गेलं होतं. अकरा न्यायमूर्तींचं पीठ बसलं, त्यात सरन्यायाधीश नव्हते. फेब्रुवारी १९७० मध्ये त्या पीठाने कायदा रद्द केला. आपण सही केलेला कायदा आपल्याच न्यायालयात पडताना त्यांनी बाहेरून पाहिला. प्रॉडक्शनला गेलेला स्वतःचा कोड स्वतःच तपासायचा नाही, हा नियम आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगतो. इथे तर अख्ख्या देशाच्या बँका पणाला होत्या.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० ला, संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश रद्द करणारा निकाल लागला. त्या पीठावर मात्र ते होते. १९७९ मध्ये उपराष्ट्रपती म्हणून बिनविरोध निवडले गेले, आणि १९८२ च्या ऑक्टोबरात झैलसिंग उपचारांसाठी अमेरिकेला गेले तेव्हा काही आठवडे पुन्हा राष्ट्रपतींचं काम पाहिलं. १८ सप्टेंबर १९९२ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.