गार्सिया द ऑर्टा

आपल्या बेळगावाहून घाट उतरला की गोमंतक लागतो. तेथे इ. स. १५३४ मध्ये पोर्तुगालहून गार्सिया द ऑर्टा नावाचा वैद्य आला. तो विद्यापीठात शिकलेला पंडित. परंतु ग्रंथवचनापेक्षा डोळ्यांनी पाहिलेल्यावर त्याचा अधिक विश्वास. येथील वैद्य व हकीम यांस विचारण्यात त्याने कमीपणा मानला नाही.

१५६३ साली गोव्यातच छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात पटकीच्या रोग्याचे यथातथ्य वर्णन आढळते : क्षीण नाडी, थंड घाम, खोल गेलेले डोळे, अनावर तहान, पायांत येणारे गोळे. पोर्तुगीजांनी या रोगाच्या नावाचे मोर्देशी केले. तो शब्द म्हणजे आमच्या घरांतील मोडशीच होय.

१५६८ मध्ये तो वारला. गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५८० मध्ये धर्मन्यायालयाने त्याची हाडे उकरून जाळली. ग्रंथ मात्र १५६७ पासूनच लॅटिन रूपाने युरोपात पोचला होता. तो जाळणे कोणास साधले नाही.

रुग्णालयातील खाटेपाशी रोग्याची नोंद पाहिली की आम्हांस या वैद्याचे स्मरण होते. विद्यार्थ्यांनो, जे पाहिले ते पदरचे न घालता लिहून ठेवावे, हाच त्याच्या चरित्राचा बोध आहे.